विद्यार्थी वैमानिकाने जुने टेलड्रॅगर विमान विकत घेताना

अमेरिकेत हौसेखातर विमान चालवायला शिकणाऱ्याला तासागणिक भाडे मोजताना केव्हातरी असा हिशेब सुचतोच, की दुसऱ्याच्या विमानाचे भाडे भरत बसण्यापेक्षा एखादे स्वस्त, जुने विमान स्वतःच घ्यावे, त्यावर शिकावे आणि परवाना हाती आल्यावर तेच चालवावे. हा हिशेब मुळात चुकीचा नाही. महायुद्ध संपल्यावर घरी परतलेले वैमानिक आता स्वतःची विमाने घेतील, या अपेक्षेने तिथल्या कारखान्यांनी १९४६ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक लहान विमाने बांधली, आणि त्या पिढीतली पुष्कळ विमाने अजून उडत आहेत. पायपर जे-३ कब, एरॉन्का चँप, टेलरक्राफ्ट, लस्कम, सेसना १२० आणि १४० ही त्यांतली ठळक नावे. ही सगळी टेलड्रॅगर आहेत, म्हणजे पुढे दोन मुख्य चाके आणि शेपटीखाली एक लहानसे चाक. त्यांपैकी बहुतेकांवरचे ६५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन तासाला चार-साडेचार गॅलन इंधनावर चालते.

भारतातल्या फ्लाइंग क्लबांत ज्यांनी एके काळी उड्डाणाचे धडे घेतले, त्यांना हा घाट ओळखीचा वाटेल. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे १९५८ साली प्रथम उडालेले ‘पुष्पक’ हे विमान एरॉन्काच्याच ‘चीफ’ या विमानावर बेतलेले होते.

या खरेदीत क्रमाला फार महत्त्व आहे, आणि तो क्रम हौसेच्या नेमका उलटा आहे. मन आधी पिवळ्याधमक कबवर बसते आणि मग बाकीच्या गोष्टी कशातरी जुळवू पाहते. प्रत्यक्षात आधी स्वतःची कायदेशीर पात्रता, मग परवान्याचा प्रकार, मग प्रशिक्षक, विमा, हँगर (विमान ठेवायची शेड) आणि मेकॅनिक ठरवावेत. विमान सगळ्यांत शेवटी. पुढचे विवेचन याच क्रमाने केले आहे.

नोंदणी कोणाच्या नावावर?

अमेरिकेतील विमानाची नोंदणी एफएए, म्हणजे तिथले विमान वाहतूक प्रशासन, करते. व्यक्तीच्या नावावर नोंदणी करायची तर ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागते. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या आपल्या मंडळींना विमान विकत घेता येते, पण सरळ स्वतःच्या नावावर नोंदवता येत नाही. त्यासाठी ट्रस्टची व्यवस्था करून देणाऱ्या संस्था आहेत. मात्र त्यांची वार्षिक फी पाहिली, की पंचवीस-तीस हजार डॉलरांच्या विमानासाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो. ग्रीन कार्डधारकाने विमान स्वतःच्या वैयक्तिक नावावर घ्यावे हे उत्तम. कर किंवा दायित्वाच्या विचाराने एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढून तिच्या नावावर घेण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण कंपनी ‘नागरिक’ ठरण्यासाठी तिच्या मतदानाच्या हक्कांपैकी किमान ७५ टक्के हक्क अमेरिकी नागरिकांकडे असावे लागतात, आणि एकट्या ग्रीन कार्डधारकाची कंपनी तिथे अडकते.

शिकण्याच्या परवानगीचे प्रकरण याहून वेगळे आहे. अमेरिकी नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, अगदी ग्रीन कार्डधारकालाही, पहिल्या परवान्याचे शिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची, म्हणजे तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, तपासणी पार करावी लागते. याच व्यवस्थेत शिकवणाऱ्याचीही नोंदणी असावी लागते. मोठ्या शाळांची ती असतेच. परंतु गवताच्या धावपट्टीवर एकट्याने टेलड्रॅगर शिकवणारे मुरलेले प्रशिक्षक या कागदी भानगडीत पडायला पुष्कळदा नाखूश असतात. म्हणून प्रशिक्षकाशी पहिल्यांदा बोलतानाच हे विचारून घ्यावे.

परवाना कोणता घ्यायचा?

प्रायव्हेट पायलट परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यात तीन तास रात्रीचे उड्डाण, रात्री दहा वेळा उतरणे आणि तीन तास केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवणे हे सक्तीचे आहे. आता १९४६ च्या चँपमध्ये बहुधा बॅटरी नाही, जनरेटर नाही, दिवे नाहीत, आणि कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरणही नाही. याचा अर्थ एवढाच, की हे तास भाड्याच्या विमानावर करावे लागतील आणि परीक्षेसाठी कोणते विमान चालेल हे परीक्षकाशी आधी बोलावे लागेल. ‘स्वतःचे विमान असल्याने भाडे शून्य’ असे गणित मांडणाऱ्याने हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

स्पोर्ट पायलट परवान्यासाठी २० तास पुरतात, त्यांपैकी १५ प्रशिक्षकासोबत आणि ५ एकट्याने. रात्रीच्या उड्डाणाची सक्ती नाही, आणि दिवसाच्या उड्डाणासाठी वैद्यकीय दाखल्याऐवजी मोटारीचा परवाना चालतो. अट ही, की एफएएने तुमचा वैद्यकीय अर्ज शेवटच्या वेळी नाकारलेला नसावा. पूर्वी या परवान्यावर १,३२० पौंडांपर्यंतचीच विमाने चालवता येत, त्यामुळे कब आणि चँप बसत, पण १,४५० पौंडांचे सेसना १४० बाहेर राही. २२ ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलला. आता वजनाऐवजी फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली उघडणारी पट्टी) न उघडता विमान ज्या वेगाला उचल गमावते तो वेग पाहिला जातो, आणि त्याची ५९ नॉटची मर्यादा वर उल्लेखिलेली सर्व विमाने सहज पाळतात. जुन्या टेलड्रॅगरच्या हौशी खरेदीदाराला हा बदल फार सोयीचा आहे. आधी स्पोर्ट परवाना घेऊन स्वतःचे विमान मोकळेपणाने चालवू लागणे आणि प्रायव्हेटचा विचार नंतर करणे हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रशिक्षक आधी, विमान नंतर

पुढे चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे विमान किंचित तिरके टेकले तरी ते आपसूक सरळ होऊ पाहते. टेलड्रॅगरचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. शेपटी एकदा बाजूला सरकू लागली की मागचे वजन तिला आणखी बाहेर ओढते, आणि पायाने रडर (शेपटीचे उभे सुकाणू) वेळेवर दाबला नाही तर विमान गर्रकन स्वतःभोवती फिरते. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात माणसाला सहसा इजा होत नाही, पण पंखाचे टोक जमिनीला घासते, चाकाचा एक पाय मुडपतो, प्रोपेलर आपटला तर इंजिन उघडावे लागते, आणि वर्षभराची हौस एका क्षणात आटोपते. हवेत ही विमाने अगदी सालस असतात. सगळी परीक्षा शेवटच्या दोनशे मीटरांत, वेग कमी होऊन रडरची पकड सुटत चाललेली असताना असते.

म्हणून नियमानुसार टेलड्रॅगर चालवण्यासाठी लॉगबुकात प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते. साधे आणि आडव्या वाऱ्यातले उड्डाण-अवतरण, मुख्य चाकांवर टेकून शेपटी नंतर खाली आणण्याचे अवतरण आणि अवतरण सोडून पुन्हा वर जाणे, हे सर्व त्यात येते. अनुभवी वैमानिकाला हे साधारण दहा तासांत जमते. जो पहिल्या दिवसापासून टेलड्रॅगरवरच शिकतो, त्याला एकट्याने उडायला थोडा अधिक वेळ लागतो. पण त्याचे पाय पुढे जन्मभर जागे राहतात.

प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याच्या मालकीच्या विमानात तो शिकवेल का? नेमके याच जातीचे विमान त्याने किती चालवले आहे? आणि त्याचे वजन किती? तिसरा प्रश्न उद्धट वाटला तरी टाळू नये. चँपचे कमाल वजन १,२२० पौंड आहे. समजा एखाद्या चँपचे प्रत्यक्ष रिकामे वजन ७९० पौंड भरले, तर ४३० पौंड उरतात. त्यांतून १३ गॅलन इंधनाचे ७८ आणि तेलाचे सात-आठ पौंड वजा केले, तर दोन माणसांसाठी ३४५ पौंडांच्या आत, म्हणजे सुमारे १५५ किलो उरतात. विद्यार्थी ८० किलोचा आणि प्रशिक्षक ९५ किलोचा असेल तर टाकी अर्ध्याहून थोडी कमीच भरावी लागेल. कारखान्याच्या जुन्या पत्रकातला रिकाम्या वजनाचा आकडा धरू नये; सत्तर-ऐंशी वर्षांत रंगाचे थर, जड टायर आणि रेडिओ यांनी प्रत्येक विमान स्थूल झालेले असते.

विमा आणि हँगर

विमान पसंत करण्याआधी विम्याच्या ब्रोकरला फोन करावा. विद्यार्थी वैमानिक आणि टेलड्रॅगर ही जोडी विमा कंपन्यांना आवडत नाही, आणि त्यात दोष त्यांचा नाही. काही कंपन्या नकार देतात, काही हप्ता चढा लावतात, आणि बहुतेक जण एकट्याने उडण्याआधी प्रशिक्षकासोबत ठरावीक तास पूर्ण करण्याची अट घालतात. ही अट पॉलिसीत लेखी असते. प्रशिक्षकाने ‘तू तयार आहेस’ म्हणून आठव्या तासाला सोडले आणि पॉलिसीत पंधरा तास लिहिलेले असले, तर त्या उड्डाणाला विमा नाही असेच समजावे.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, प्रशिक्षक पॉलिसीत नावाने नोंदवलेला आहे का, किंवा इतर वैमानिकांसाठीच्या अटींत तो बसतो का; मालकाच्या पॉलिसीमुळे प्रशिक्षकाला आपोआप संरक्षण मिळते हा गैरसमज फार पसरलेला आहे. दुसरी, विमानाची किंमत. विमानाचा विमा ठरलेल्या मूल्याचा असतो. हप्ता वाचवण्यासाठी ते मूल्य कमी लिहिले, तर किरकोळ ग्राउंड लूपनंतरही कंपनी दुरुस्ती न करता ठरलेली रक्कम देऊन विमान ताब्यात घेऊ शकते, आणि त्या रकमेत दुसरे विमान येत नाही.

कापडी विमान उघड्यावर ठेवू नये. ऊन कापडाचा जीव घेते, गारा पंखांना भोके पाडतात, आणि जोराचा वारा दोरासकट विमान उचलतो. चांगल्या विमानतळांवर हँगरसाठी प्रतीक्षायादी असते, म्हणून नाव आधीच लावून ठेवावे. जवळ गवताची धावपट्टी असेल तर शहरी विमानतळापेक्षा ती निवडावी. गवतावर चाके थोडी घसरतात आणि तिरके टेकण्याची चूक निभावते; डांबरावर ती निभावत नाही.

कोणते विमान?

कबचे नाव मोठे आहे आणि त्या नावाचेच पैसे पडतात. तेच इंजिन, तेवढेच वजन आणि जवळपास तीच चाल असलेला चँप बऱ्याच कमी किमतीत मिळतो. उडण्याजोगा चँप अलीकडे साधारण पंचवीस ते चाळीस हजार डॉलरांच्या दरम्यान असतो. कबमध्ये एकट्याने उडताना मागच्या आसनावर बसावे लागते, प्रशिक्षक पुढे बसतो आणि विद्यार्थ्याला उपकरणांऐवजी त्याची पाठ दिसते. चँपमध्ये विद्यार्थी पुढे बसतो आणि नाकावरून धावपट्टी दिसते. शिकण्यासाठी पहिले विमान म्हणून मी निःशंकपणे चँप सुचवीन. कबच्या दोन भागांत उघडणाऱ्या दारातून संध्याकाळचा वारा घेत उडण्याची मजा मात्र चँपमध्ये नाही, हेही मान्य करावे लागते.

शेजारी-शेजारी बसायचे असेल तर सेसना १२० किंवा १४० पाहावे. त्यांचे धड धातूचे आहे, इंजिन ८५ अश्वशक्तीचे आहे, आणि १४० ला सहसा बॅटरी, स्टार्टर व दिवे असल्याने प्रायव्हेट परवान्याचे बरेचसे शिक्षण त्यातच होते. १९४९ च्या १४०-ए चे पंखही धातूचे आहेत, त्यामुळे कापडाची चिंता उरत नाही. जोरात ब्रेक दाबल्यास ही विमाने नाकावर जातात, म्हणून काही मालकांनी चाके थोडी पुढे आणणारे जोडभाग बसवले आहेत. टेलरक्राफ्ट तेवढ्याच इंजिनात अधिक वेगाने जाते, पण आत दाटी होते आणि उतरताना ते तरंगत राहते. लस्कम देखणे आणि चपळ आहे. जमिनीवर ते पायांकडून अधिक मागते, म्हणून विद्यार्थ्याने ते दुसरे विमान म्हणून घ्यावे.

सुट्या भागांची अडचण वाटते तेवढी नाही. कोलोरॅडोतील युनिव्हेअर ही कंपनी यांपैकी बहुतेकांचे भाग अजून पुरवते. खरी अडचण जुन्या उपकरणांची असते. इंजिनावर आयझेमान मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे उपकरण) असेल तर त्याचे भाग शोधत फिरावे लागते, आणि सेसनावर मूळचे गुडइयर ब्रेक असतील तर ते बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

कागदपत्रे

जमीन घेताना आपण सातबारा पाहून बोजा आहे की नाही ते तपासतो, तसेच इथे करायचे असते. एफएएची विमान नोंदणी ओक्लाहोमा सिटीत आहे, आणि तिथले दप्तर शोधून देणाऱ्या टायटल कंपन्या थोडक्या पैशांत मालकीची साखळी आणि बोजा कळवतात. चाळीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाची नोंद कोणी काढलीच नाही, असे या विमानांच्या बाबतीत सर्रास आढळते. ती नोंद विकणाऱ्याने काढून द्यायची असते, घेणाऱ्याने नव्हे.

त्याच वेळी एफएएकडून त्या विमानाची संपूर्ण फाइल मागवावी. तिच्यात ३३७ क्रमांकाचे फॉर्म असतात. प्रत्येक मोठी दुरुस्ती किंवा बदल त्यावर नोंदवलेला असतो. ही फाइल आणि विक्रेत्याची लॉगबुके समोरासमोर ठेवून वाचावीत. १९६० च्या दशकात ‘डावा पंख आणि डावा पाय बदलला’ असा फॉर्म आहे, तर तो ग्राउंड लूप होता हे सांगायला नको. त्याने बिचकू नये. एवढ्या वयाचे आणि एकदाही न गिरकलेले टेलड्रॅगर जवळपास सापडत नाही. दुरुस्ती नोंदलेली आणि सहीनिशी असली म्हणजे झाले. पंखावर नवे कापड दिसते पण फाइलमध्ये काहीच नाही, अशा विमानापासून दूर राहावे.

मग एडींची यादी मागावी. एडी म्हणजे एफएएने काढलेले सक्तीचे सुरक्षा आदेश. प्रत्येक आदेश, तो कधी आणि कोणत्या पद्धतीने पूर्ण केला आणि सही कोणाची, हे एका कागदावर असायला हवे. पायपरच्या बाबतीत पंखांचे स्ट्रट (धडापासून पंखाला आधार देणारे तिरके दांडे) आतून गंजतात म्हणून काढलेला २०१५-०८-०४ हा आदेश महत्त्वाचा आहे. दोन्ही टोके बंद केलेले नव्या पद्धतीचे स्ट्रट बसवलेले असतील तर वारंवारच्या तपासणीतून सुटका होते. चँपच्या लाकडी स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईसाठी, २०००-२५-०२ हा आदेश आहे.

हातात टॉर्च घेऊन

तपासणी विक्रेत्याच्या मेकॅनिककडून करून घेऊ नये, हे सर्वांना ठाऊक असते. जुन्या टेलड्रॅगरच्या बाबतीत आणखी एक अट घालावी: मेकॅनिक कापड आणि लाकूड जाणणारा हवा. आयुष्यभर धातूची सेसना विमाने पाहिलेला चांगला मेकॅनिकही इथे चुकू शकतो. मेकॅनिक येण्याआधी घेणाऱ्याने स्वतः काही गोष्टी पाहाव्यात, म्हणजे वाईट विमानावर त्याची फी वाया जात नाही.

आधी विमानाच्या मागे वीस पावलांवर उभे राहावे. दोन्ही पंख सारख्या उंचीवर आहेत का, दोन्ही पाय सारखे फाकलेले आहेत का, शेपटीचा उभा भाग सरळ आहे का, हे डोळ्यांनीच कळते. मग शेपटीपाशी बसावे. टेलड्रॅगर सतत शेपटीवर टेकलेले असल्याने आत शिरलेले पाणी तिथेच उतरते, आणि सांगाड्याच्या खालच्या नळ्या शेपटीच्या खांबापाशी आतून कुजतात. वरून रंग चकचकीत असतो. तपासणीचे झाकण उघडून मेकॅनिक टोच्याने नळीवर दाब देतो. चांगली नळी दाद देत नाही, कुजलेलीत टोच्या आत जातो. शेपटीच्या चाकाचे कमानपाटे बसलेले असतील तर उतरल्यावर चाक थडथडते, तेही इथेच पाहून घ्यावे. उंदरांची घरटी आढळली तर ती केवळ घाण समजू नये. उंदराचे मूत्र धातू खाते.

कापडाचे परीक्षण दोन प्रकारे करावे. पूर्वीचे सुती कापड आता क्वचित दिसते. त्याऐवजी पॉलिएस्टरचे कापड ताणून बसवतात आणि त्यावर उन्हाचे किरण अडवणारा चंदेरी थर देतात. हा थर शाबूत असेपर्यंत कापड दशकानुदशके टिकते. दिवस असताना पंखावर चादर टाकून किंवा हँगरचे दिवे बंद करून बाहेरून टॉर्च लावावा आणि झाकणातून आत पाहावे. प्रकाश आरपार दिसला तर चंदेरी थर पातळ आहे आणि ऊन आतपर्यंत पोहोचले आहे. दुसरी परीक्षा ताकदीची. मेकॅनिक पंखाच्या वरच्या बाजूला, शक्यतो गडद रंगाच्या जागी, उपकरणाने कापड दाबून पाहतो. मूळ अपेक्षित ताकदीच्या ७० टक्क्यांखाली गेलेले कापड बाद ठरते. पूर्ण विमानाचे कापड नव्याने बसवून घेण्याचा खर्च विमानाच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो, म्हणून किमतीची खरी घासाघीस या एका आकड्यावर व्हायला हवी.

चँपचे स्पार लाकडी आहेत. जुन्या ग्राउंड लूपमध्ये पंखाचे टोक आपटले, तर स्पारच्या तंतूंना आडवी, केसाएवढी भेग पडते. समोरून प्रकाश टाकला तर ती दिसत नाही. आरशाच्या साहाय्याने प्रकाश लाकडाच्या पृष्ठाला समांतर सोडला, की बारीक सुरकुती उमटते. स्ट्रट जिथे जोडलेला असतो आणि मजबुतीसाठी चिकटवलेली प्लायवूडची पट्टी जिथे संपते, त्या जागा आधी बघाव्यात. बरगड्यांचे खिळे सैल झालेले किंवा बाहेर आलेले असतील, तर त्याचेही कारण शोधावे.

इंजिनाबाबत विक्रेता एकूण तास सांगतो. विचारायचे असते ते हे, की गेल्या पाच वर्षांत ते किती चालले. ए-६५ साठी, म्हणजे त्या ६५ अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटलसाठी, पूर्ण दुरुस्तीची शिफारस १,८०० तासांची आहे. पण चारशेच तास झालेले आणि दहा वर्षे पडून राहिलेले इंजिन हजार तास नियमित चाललेल्या इंजिनापेक्षा वाईट असू शकते, कारण सिलिंडरच्या भिंती गंजतात. कॉम्प्रेशन मोजताना सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि किती टिकते ते पाहतात. सत्तरच्या पुढचे आकडे समाधानकारक. आकडा कमी आला तर कान लावावा: हवा एक्झॉस्टमधून फुसफुसत असेल तर झडप, तेल भरण्याच्या तोंडातून येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. मूळ कमी ऑक्टेनच्या इंधनासाठी बनलेल्या या इंजिनांत आजच्या शिसेयुक्त इंधनाने प्लग माखतात आणि झडपा चिकटतात, म्हणून इथेनॉलविरहित मोटारीचे पेट्रोल वापरण्याची अधिकृत मंजुरी त्या विमानाच्या कागदांत आहे का, हेही विचारावे.

व्यवहार

बयाणा विक्रेत्याच्या हातात न देता एस्क्रोत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताकडे, ठेवावा. करार एका पानाचा असला तरी चालेल. तपासणीत काय निघाले तर बयाणा परत मिळेल, आणि दुरुस्तीचा खर्च कोण करेल, एवढे त्यात स्पष्ट असावे. ‘नुकतीच वार्षिक तपासणी झाली आहे’ या वाक्यावर पैसे वाढवून देऊ नयेत. त्यापेक्षा मेकॅनिकने खरेदीपूर्व तपासणी म्हणून काम सुरू करावे आणि विमान चांगले निघाले तर विक्रेत्याच्या संमतीने तीच पुढे वार्षिक तपासणी म्हणून पूर्ण करावी, म्हणजे नव्या मालकाचे बारा महिने तिथून सुरू होतात. चाचणी उड्डाण आपल्या बाजूच्या अनुभवी टेलड्रॅगर वैमानिकाने करावे, विद्यार्थ्याने नव्हे.

एफएएच्या खरेदीखताचा फॉर्म ८०५०-२ आणि नोंदणी अर्जाचा ८०५०-१. विक्रेत्याचे नाव नोंदणीत जसे आहे तसेच, अक्षरशः, खरेदीखतावर असावे. नोंदणीत पती-पत्नी दोघे असतील तर दोघांच्या सह्या लागतात. बहुतेक राज्यांत विक्री किंवा वापर कर वेगळा भरावा लागतो आणि त्याची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, म्हणून ती रक्कम बाजूला ठेवावी.

घरी आणणे आणि पहिले तास

कब बारा गॅलनांवर तासाला सुमारे ७५ मैल जातो. हजार मैलांवरचे विमान घेतले तर वारा नसतानाही तेरा-चौदा तास उड्डाण आणि साधारण सहा-सात थांबे होतात. समोरून वारा असला तर खालच्या महामार्गावरचे ट्रक पुढे निघून जातात. विद्यार्थ्याने हा प्रवास एकट्याने करण्याचा प्रश्नच नाही. प्रशिक्षकालाच सोबत न्यावे, तो विमा कंपनीला मंजूर आहे याची लेखी खात्री करावी, आणि हे तास शिकवणीत धरावेत. विमानात मूळचीच विद्युतव्यवस्था नसेल तर ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बी या, विमानाची जागा नियंत्रकांना कळवणाऱ्या, उपकरणांच्या सक्तीतून सूट मिळते, पण मोठ्या विमानतळांभोवतीच्या ‘बी’ आणि ‘सी’ हवाई क्षेत्रांत ती लागू नाही. मार्ग आखताना ती क्षेत्रे टाळावीत.

स्टार्टर नसलेले इंजिन प्रोपेलर हाताने फिरवून सुरू करावे लागते. हे पुस्तकातून किंवा चित्रफितीवरून शिकू नये. चाकांना ठोकळे, शेपटीला दोर, आत ब्रेकवर पाय ठेवून बसलेला जाणता माणूस, आणि स्विच बंद असले तरी प्रोपेलर जिवंत आहे असे समजूनच हात लावणे, हे सर्व प्रशिक्षकाच्या देखत, इंजिन थंड असताना पुन्हा पुन्हा घोटावे. एकट्याने इंजिन सुरू केल्यावर रिकामे विमान धावत सुटल्याचे अपघात दर काही काळाने होतात, आणि कारण बहुधा एकच असते: थ्रॉटल थोडा जास्त उघडा आणि शेपटी मोकळी.

मालक झालो म्हणजे तेल बदलता येईल, असे विद्यार्थ्याला वाटते. अशी किरकोळ देखभाल केल्यावर विमान पुन्हा उड्डाणयोग्य असल्याची सही करण्यासाठी प्रायव्हेट परवाना लागतो. विद्यार्थी परवान्यावर ती करता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मेकॅनिकच्या देखरेखीखाली काम करण्याची आणि वार्षिक तपासणीला झाकणे उघडून देण्यापासून मदत करण्याची बोलणी खरेदीच्या वेळीच करून ठेवावीत. बरेच मेकॅनिक याला तयार असतात, बिल थोडे हलके होते, आणि कोणते झाकण कुठे उघडते हे मालकाला ठाऊक होते.